शेवटचा अंक उचलून पुढे ठेवला की दुप्पट! पण अठराच अंक का?

कार्डपंच_सोलापूर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात जकार्डची कार्डं पंच करतो, सत्तावीस वर्षं झाली. शाळेतलं गणित दहावीपर्यंतचं. पण एका संख्येनं पंधरा दिवस झोप उडवली आहे, म्हणून इथं आलो.

मुलगी नववीत आहे. तिला शाळेत सरांनी कोडं घातलं: अशी संख्या शोधा, की तिचा शेवटचा अंक उचलून सगळ्यात पुढे ठेवला तर संख्या बरोबर दुप्पट व्हावी. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर दोघं बसलो. आधी दोन अंकी बघितल्या, मग तीन अंकी. पोरीनं वहीची चार पानं भरवली, एकही सापडली नाही.

मग माझ्या डोक्यात आलं, की आपण डावीकडून शोधतोय, उजवीकडून का नको? समजा शेवटचा अंक २ आहे. दुप्पट केली की शेवटी ४ येणार. आणि दुपटीतला शेवटचा अंक म्हणजेच आधीच्या संख्येतला शेवटून दुसरा अंक, कारण २ तर उठून पुढे गेलाय. म्हणजे २ च्या अलीकडे ४ असलाच पाहिजे. मग ४ ची दुप्पट ८, तो त्याच्या अलीकडे. ८ ची दुप्पट १६, त्यातले ६ लिहिले, हातचा १. सहा दुणे बारा आणि हातचा एक, तेरा. ३ लिहिले, हातचा १. तीन दुणे सहा आणि एक, सात. असं एकेक घर डावीकडे सरकत गेलो. मी बोलत होतो, पोरगी लिहीत होती. अंक काही थांबेनात. दहा झाले, बारा झाले, पंधरा झाले. शेवटी ० आला, हातचा १. शून्य दुणे शून्य आणि एक, एक. एक दुणे दोन, हातचा काही नाही. २! जिथून निघालो तिथंच आलो. पोरगी टाळी वाजवून उठली.

संख्या ही:

१०५२६३१५७८९४७३६८४२

अठरा अंक. शेवटचा २ पुढे ठेवा: २१०५२६३१५७८९४७३६८४. बरोबर दुप्पट. आता ४ उचलून पुढे ठेवा: ४२१०५२६३१५७८९४७३६८. पुन्हा दुप्पट! मग ८ पुढे: ८४२१०५२६३१५७८९४७३६. पुन्हा दुप्पट!

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सुताच्या हिशेबाच्या संगणकावर ताळा करायला गेलो, तर शीटमध्ये संख्या टाकल्या टाकल्या शेवटचे ८४२ जाऊन ००० झाले. मला वाटलं माझंच बोट चुकलं. तीनदा टाकली, तीनदा तेच. मोबाइलचा कॅल्क्युलेटर तर पुढचे चार अंक दाखवून बाकीचे गिळूनच टाकतो. शेवटी कागदावर हातानं गुणाकार केला, एकदा मी, एकदा पोरीनं. दोघांचाही जुळला.

पुढचं सांगतो ते आमच्या धंद्यातलं आहे. जकार्डचं कार्ड म्हणजे पुठ्ठ्याची पट्टी. भोक पाडलं तिथं हुक उचलला जातो आणि ताण्याचा दोरा वर येतो. भोक नाही तिथं दोरा खालीच. बाण्याच्या एका दोऱ्याला एक कार्ड. सगळी कार्डं दोरीनं ओवतात आणि शेवटचं कार्ड पहिल्याला बांधून माळ पुरी करतात. मागावर ती माळ फिरत राहते, म्हणून चादरीवर तोच मोर, तेच फूल पुन्हा पुन्हा उमटतं. माळेला सुरुवात नसते. तुम्ही कुठल्याही कार्डापासून माग सुरू करा, नक्षी तीच, फक्त काठाशी वेगळ्या जागी सुरू होते.

मी रद्दीतली अठरा कार्डं घेतली. प्रत्येकावर जाड मार्करनं एक अंक लिहिला, ओवली, आणि माळ पुरी केली. आता माळ एक घर मागे सरकवली की संख्या दुप्पट. म्हणजे दुप्पट करायला गुणाकार करायचाच नाही, नुसती माळ फिरवायची!

माझे प्रश्न तीन.

अठराच अंक का? सतरा का नाही, वीस का नाही?

चौथ्यांदा का बिघडतं? ८४२१०५२६३१५७८९४७३६ मधला शेवटचा ६ पुढे आणला तर ६८४२१०५२६३१५७८९४७३ येते, ती तर आधीच्यापेक्षा लहान. खरी दुप्पट १६८४२१०५२६३१५७८९४७२ आहे, एकोणीस अंकी. माळ तर अखंड आहे, मग गणित मध्येच का तुटतं?

आणि या माळेत फक्त दुप्पटच आहे, की आणखी काही दडलंय?

---

निवृत्त_शिक्षक_बार्शी

तुम्ही संख्या उजवीकडून बांधत नेलीत, तीच या कोड्याची खरी वाट आहे. बहुतेक जण शेवटपर्यंत डावीकडून चाचपडत राहतात. तुमच्या मुलीचं विशेष कौतुक, कारण अठरा अंकी गुणाकार हातानं ताळा करून बघणारी मुलं आता फार राहिली नाहीत.

अठराच का, ते सांगतो. शेवटचा २ बाजूला ठेवा आणि उरलेल्या अंकांच्या संख्येला क म्हणा. तुमची संख्या झाली १०क + २. तिची दुप्पट २०क + ४. दुसरीकडे, २ पुढे नेला की उरलेला क तसाच मागे राहतो. दोन्ही सारखे मांडून २०क मधून एक क वजा केला, की डावीकडे १९क उरतात. सगळा खेळ या १९ चा आहे.

मांडणी पुरी केलीत तर उजवीकडे २००…० वजा ४, म्हणजे ९९…९८ ची दुप्पट येते, आणि असं दिसेल: ८, ९८, ९९८, ९९९८, अशा शेवटी ८ आणि पुढे सगळे ९ असलेल्या संख्यांपैकी एखादीला १९ नं निःशेष भाग गेला पाहिजे. मुलीला एकेक करून बघायला सांगा. पहिल्यांदा भाग जातो तो सोळा ९ आणि त्यापुढे एक ८ असतील तेव्हा. ती संख्या सतरा अंकी. म्हणजे क सतरा अंकी, आणि शेवटचा २ धरून अठरा. त्याहून लहान संख्या असूच शकत नाही.

इतका उशीर का लागतो, त्याचंही कारण आहे. १ ला १९ नं भागायला बसा, शाळेतल्यासारखं, प्रत्येक बाकीवर एक शून्य चढवत. बाक्या अशा येतात:

१, १०, ५, १२, ६, ३, ११, १५, १७, १८, ९, १४, ७, १३, १६, ८, ४, २

आणि पुन्हा १. एकापासून अठरापर्यंतची प्रत्येक संख्या एकदा आली आहे, एकही दोनदा नाही. आपल्याला हवी आहे २ ही बाकी, कारण ९९…९८ म्हणजे १००…० वजा २. २ वर शून्य चढवलं की २०, त्यातून १९ गेले की १. म्हणजे २ नेहमी १ च्या लगेच आधी येणार, फेरीच्या अगदी शेवटी. पूर्ण फेरी मारल्याशिवाय २ भेटत नाही, आणि १९ ची फेरी असू शकते तेवढी मोठी आहे. म्हणून अठरा.

त्याच भागाकारातले भागाकाराचे अंक लिहिलेत तर ०५२६३१५७८९४७३६८४२१ येतात. ही तुमचीच माळ आहे, ० पासून वाचलेली. तिला आपण पायाची संख्या म्हणू. तुमची १०५२… ही तिची दुप्पट.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. पायाच्या संख्येला १९ नं गुणा, बरोबर अठरा ९ येतात. तुमची ८४२१… ही पायाच्या सोळापट आहे. तिची दुप्पट म्हणजे बत्तीसपट. पण माळेत एकपट ते अठरापट एवढीच घरं आहेत. तेव्हा बत्तीसमधून एकोणीस काढा, तेरा उरतात. एकोणीसपट म्हणजे अठरा ९, आणि अठरा ९ वजा करणं म्हणजे सगळ्यात पुढचा १ काढून शेवटी मिळवणं. करून बघा: १६८४२१०५२६३१५७८९४७२ मधला पहिला १ काढा आणि शेवटच्या २ मध्ये मिळवा. ६८४२१०५२६३१५७८९४७३. माळेनं तुम्हाला हीच दाखवली होती. गणित तुटलेलं नाही, पुढचा १ वळून मागे येतोय एवढंच.

एक काम करा. प्रत्येक कार्डाच्या मागे वरची बाकी लिहा: ० च्या मागे १, पुढच्या ५ च्या मागे १०, २ च्या मागे ५, ६ च्या मागे १२, असं क्रमानं. मग माळ ज्या कार्डापासून वाचाल, त्याच्या मागचा आकडा म्हणजे पायाच्या संख्येची तितकीपट. दुप्पटच नाही, तिप्पट, सातपट, अठरापट, सगळं एकाच माळेत आहे.

---

विद्यार्थिनी_पुणे

काका, मी संगणकशास्त्र शिकते. आधी त्या ००० बद्दल सांगते, तुमचं बोट चुकलं नव्हतं. हिशेबाच्या शीटमध्ये संख्या पंधरा अंकांपर्यंतच नेमकी राहते, पुढचे अंक शून्य होतात. रकाना आधी मजकुराचा करून घेतला तर अठराही अंक दिसतील, पण बेरीज-गुणाकार होणार नाही. पायथॉन या भाषेत कितीही अंकांची पूर्ण संख्या चालते, मी त्यात तपासलं, तुमचे सगळे अंक बरोबर आहेत.

आता माळ मधोमध तोडा, नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करून बेरीज घ्या:

१०५२६३१५७ + ८९४७३६८४२ = ९९९९९९९९९

हातचा कुठंच येत नाही, प्रत्येक जोडी नऊची. मिडी नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं हा नियम १८३६ मध्ये मांडला. सहा-सहाचे तीन तुकडे केले तरी:

१०५२६३ + १५७८९४ + ७३६८४२ = ९९९९९९

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी, कारण नक्षीचा आलेख कागद तुमच्याकडे असणारच. अठरा ओळी, अठरा रकाने आखा. पहिल्या ओळीत पायाची संख्या, ० सकट. दुसऱ्या ओळीत तिची दुप्पट, तिसरीत तिप्पट, अठराव्या ओळीपर्यंत. ओळींची बेरीज करा, मग रकान्यांची, मग दोन्ही कर्णांची. उत्तर मी सांगत नाही.

---

पंढरपूरचा_वाचक

१/१९ चं हे उदाहरण वैदिक गणिताच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला आहे, 'एकाधिकेन पूर्वेण' या सूत्राखाली. उजवीकडून दुप्पट करत यायची रीत तीच. वेदांत हे गणित होतं याचा अभिमान वाटतो.

---

निवृत्त_शिक्षक_बार्शी

रीत तीच, हे अगदी खरं, आणि ती सुंदर आहे. पण भारती कृष्णतीर्थांचं ते पुस्तक १९६५ साली छापलं गेलं, आणि त्यातली सूत्रं उपलब्ध वेदसंहितांमध्ये अभ्यासकांना सापडलेली नाहीत. अभिमान बाळगायचा तर त्याहून पक्की जागा आहे. भास्कराचार्यांची लीलावती साधारण ११५० ची. तिच्यात स्थानांची नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मोजून बघा, अठरा भरतात. सोलापूरच्या या संख्येचा प्रत्येक अंक त्यातल्या एकेका घरात बसतो: १ परार्ध, ० मध्य, ५ अंत्य, २ जलधी, ६ शंकू, ३ महापद्म, आणि असंच उतरत शेवटी २ एकं. हा योगायोग आहे, पण आमच्या वर्गात ही नावं पाठ करून घेताना अठराही घरं भरणारी अशी संख्या हाताशी असती तर किती बरं झालं असतं, असं आज वाटलं.

---

कार्डपंच_सोलापूर

गुरुजी, ताई, तुमचे उपकार कसे फेडू. आज सुट्टी होती, सकाळपासून हेच केलं.

आधी कार्डांच्या मागे बाक्या लिहिल्या. मग पोरगी म्हणाली, पप्पा, माळ जमिनीवर गोल मांडू. फरशीवर गोल केला आणि ती सुताचा दोरा घेऊन समोरासमोरच्या कार्डांवर धरत गेली. ० च्या समोर ९. ५ च्या समोर ४. २ च्या समोर ७. सगळीकडे नऊच! ताईंनी दोन तुकडे करून दाखवलं ते इथं गोलात समोरासमोर बसलंय. मग तिनं कार्डं उलटी केली. १ च्या समोर १८, १० च्या समोर ९, ५ च्या समोर १४. पुढच्या बाजूला नऊ, मागच्या बाजूला एकोणीस. बायको भाकरी टाकता टाकता बाहेर येऊन बघून गेली.

दुपारी आलेख कागद घेतला. अठरा बाय अठरा, तीनशे चोवीस घरं. गुणाकार करायची गरजच पडली नाही. मागचा आकडा बघायचा, तिथून माळ वाचायची, ओळ भरली. ओळीची बेरीज ८१. हे कळण्यासारखं आहे, प्रत्येक ओळीत तेच अठरा अंक. रकान्याचीही ८१, तिथंही तेच अठरा अंक वेगळ्या क्रमानं उतरतात. पण कर्ण? कर्णावर ते अंक राहत नाहीत. वरून खाली येताना मला मिळाले ते असे: ०, ०, ७, ५, ५, ९, ०, ३, ०, ४, २, ८, ७, ५, ६, ७, ५, ८. चार शून्यं, चार पाच, आणि १ तर कुठंच नाही. मी मनात म्हणत होतो, इथं नाही जुळणार. बेरीज केली, ८१. दुसरा कर्ण घेतला, त्यात तर सातही एकच, तरी ८१. कागद हातात धरून मी तसाच बसून राहिलो. नक्षीत एक घर चुकलं तर मला लांबून दिसतं, सत्तावीस वर्षांची नजर आहे. इथं प्रत्येक घर आपल्या जागी आहे आणि ते तसं कुणी बसवलेलं नाही.

गुरुजी, कर्णाचं कारण काय?

---

निवृत्त_शिक्षक_बार्शी

ओळी आणि रकान्यांचं कारण तुम्ही स्वतःच सांगितलंत. कर्णाला तसा नियम नाही. ७ घेऊन बघा: १४२८५७ ची माळ सहा कार्डांची, दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१. सहा बाय सहाचा चौकोन केलात तर ओळी-रकाने २७ देतात, पण वरून खाली येणारा कर्ण ३१ देतो. दशमान पद्धतीत दोन्ही कर्ण जुळणारी पहिली मूळ संख्या १९ आहे. तिच्यानंतरची थेट ३८३, म्हणजे तीनशे ब्याऐंशी कार्डांची माळ.

आणि पूर्ण फेरी मारणाऱ्या मूळ संख्या कोणत्या? ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७, या शंभराच्या आतल्या. अशा संख्या कधी संपत नाहीत असा अंदाज आर्टिन या गणितज्ञानं १९२७ मध्ये मांडला. अजून कुणालाही तो पूर्णपणे सिद्ध करता आलेला नाही. तुमच्या माळेच्या पाठीमागे हा एवढा मोठा प्रश्न उभा आहे.

---

कार्डपंच_सोलापूर

पोरीचा आता नवा प्रश्न. शेवटचा अंक पुढे आणून तिप्पट होईल अशी माळ? आणि चौपट?

---

विद्यार्थिनी_पुणे

चौपट सोपी आहे काका, आश्चर्य वाटेल इतकी. १०२५६४. शेवटचा ४ पुढे: ४१०२५६. सहाच कार्डं.

तिप्पट मात्र लांब आहे. दुपटीला १९ लागले, कारण वीस वजा एक. तिपटीला तीस वजा एक, २९. आणि गुरुजींच्या यादीत २९ आहे, म्हणजे पूर्ण फेरी, अठ्ठावीस अंक. संख्या मी देत नाही, तिला ३ पासून उजवीकडून बांधू दे. हातचा आता २ सुद्धा येईल, तेवढं सांभाळ म्हणावं.

---

कार्डपंच_सोलापूर

ताई, झाली. रात्री साडेदहापर्यंत बसली होती. एकदा सतराव्या घरात हातचा विसरली, फेरी जुळेना म्हणून सगळं खोडून पुन्हा केलं.

१०३४४८२७५८६२०६८९६५५१७२४१३७९३

३ पुढे ठेवला, ३१०३४४८२७५८६२०६८९६५५१७२४१३७९, तिप्पट. ताळा मी केला.

जुनी माळ तिला मोडायची नाही. उद्या रद्दीतून अठ्ठावीस कार्डं वेगळी काढून आणतो.